नर्सला दिलेला नंबर

न्यू जर्सीतल्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथल्या सर्जरीच्या वॉर्डात नागपूरच्या एक नर्स आहेत. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. मुलांकडे राहणारे कितीतरी मराठी आईवडील आमच्याकडे खुब्याचं, गुडघ्याचं ऑपरेशन करून जातात. घरी जाताना हातात इंग्रजी कागदांचं बाड. मुलगा-सून ऑफिसला, आणि हे भिंत धरधरून बाथरूमला. एक काका असेच आठ दिवसांत पडून परत आले. "वॉकर कुठं होता?" ताईंनी विचारलं. काका ओशाळून म्हणाले, "सुनेच्या लाकडी फ्लोअरला ओरखडे पडतात हो."

त्या दिवशी जेवताना ताई म्हणाल्या, "आपण काढू गं एखादी छोटी संस्था. नफ्यासाठी नाही. घरी जाऊन मराठीत नीट समजावून द्यायचं, बस."

आमच्या ओळखीतल्या एका काकूंची मुलगी वकील आहे, इथेच जन्मलेली. एका रविवारी आम्ही वेस्ट विंडसरला तिच्या घरी गेलो. तिनं आईला फोनवर विचारून पोहे केले होते. ते जरा कोरडे झाले होते, पण ताईंनी दोनदा घेतले. मग प्रश्न सुरू झाले. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय? हॉस्पिटलला सांगितलंय का? घरी जाऊन कुणाला काही इजा झाली तर इन्शुरन्स कुणाचा? मी एकेक प्रश्न कागदावर उतरवून घेतला.

"आणि पेशंट कुठून येणार?" तिनं विचारलं.

ताईंनी मोठ्या अभिमानानं पर्समधून एक निळी वही काढली. दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी 'घरी कुणी येईल का' असं विचारलं, त्यांची नावं, फोन, कुणाचं कसलं ऑपरेशन, सगळं त्यात होतं.

मुलीनं वही उघडली नाही. हात मागे घेतला.

"मावशी, धिस इज अ प्रॉब्लेम."

"मी कुणाचं वाईट केलं का?" ताईंचा आवाज चढला. "त्यांनीच दिले नंबर!"

ती मराठी शब्द जुळवत बोलली. "वाईट नाही केलं, मावशी. पण त्यांनी नंबर नर्सला दिला होता. आपल्या संस्थेला नाही दिला."

परतीच्या वाटेवर एडिसनच्या सिग्नलला ताई म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलली."

मंगळवारी त्या स्वतःहून हॉस्पिटलचे नियम बघणाऱ्या ऑफिसात गेल्या. मी सोबत गेले. नोकरी जाईल अशी भीती मलाच जास्त वाटत होती. तिथल्या बाईंनी वही ठेवून घेतली, ताईंच्या फाइलीत लेखी ताकीद लावली आणि प्रायव्हसीचं ट्रेनिंग पुन्हा करायला सांगितलं. पुढे तीन आठवड्यांनी संस्थेला परवानगीही दिली, अटींसह: ड्यूटीच्या वेळात काम नाही, हॉस्पिटलचा युनिफॉर्म नाही आणि आपल्याच वॉर्डातले पेशंट आपल्या संस्थेकडे वळवायचे नाहीत.

ती शेवटची अट ताईंना फार जड गेली. एका आजींनी डिस्चार्जच्या दिवशी त्यांचा हात धरला. "तुमचीच संस्था आहे म्हणे. मग तुम्हीच या ना." ताईंनी त्यांना घरी येणाऱ्या सगळ्या सेवांची छापील यादी दिली आणि म्हणाल्या, "लेकीला म्हणावं, यातली जी बरी वाटेल ती निवड." मग औषधांच्या खोलीत जाऊन डोळे पुसले. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. त्या आजी माझ्या आईसारख्या हसतात."

आमची पहिली पेशंट आली ती बुद्धविहारातल्या कार्यक्रमातून. तिथं ताई वॉकर कसा धरायचा ते दाखवत होत्या. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातून नुकत्याच घरी आलेल्या आईसाठी ते पाहिलेल्या एकानं आपणहून फोन केला. शनिवारी आम्ही दोघी गेलो. ताईंनी संमतीचा फॉर्म ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवला. पेशंट काकू वैतागल्या. "सही कशाला? घरच्याच ना तुम्ही?"

"घरच्या आहोत म्हणूनच, काकू. उद्या तुमची गोष्ट आमच्या तोंडून बाहेर जायला नको."

काकूंनी चष्मा लावला आणि वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं. मग पेन ताईंच्या हातात देत म्हणाल्या, "आता चहा घ्याल, की त्याचाही फॉर्म आहे?"

ताई इतक्या हसल्या की काकूही हसू लागल्या. चहा मी केला. तोवर ताईंनी त्यांना वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत चालत आणलं होतं.