कुत्री चालणार नाहीत

मेडिकलला असताना कुत्रं पाळू नये. दोन तर मुळीच पाळू नयेत. हे मला कोणी सांगितलं नाही असं नाही. वडिलांनी सांगितलं, हॉस्टेलच्या मॅडमनी सांगितलं, एका सरांनी तर माझ्या एप्रनवर पंजांचे ठसे बघून भर वॉर्डात, पेशंटच्या नातेवाइकांसमोर सांगितलं. पण मी ऐकणाऱ्यातली असते तर एवढा वैताग माझ्या वाट्याला कशाला आला असता?

माझी कुत्री म्हणजे दोघी बहिणी, मूळच्या लातूरच्या. नीटच्या शिकवणीसाठी मी लातूरला राहिले तेव्हा उदगीरला वडिलांना एकटं सोडून आई माझ्यासोबत आली होती. मी दिवसभर क्लासला आणि आई खोलीत भिंतींशी बोलत बसलेली. गल्लीतली ही दोन पिल्लं तिनंच आत घेतली. पाळली आईनं, लळा लागला मला. पुढं नांदेडला नंबर लागला, मी हॉस्टेलात गेले, कुत्री आईबरोबर उदगीरला गेली आणि वडिलांचा दमा उसळला. वडील एसटीत कंडक्टर. दिवसभर धूळ खाऊन घरी यायचं आणि घरात कुत्र्यांचे केस खायचे, हे त्यांना झेपेना. तेव्हा पहिल्याच वर्षी दोघींची रवानगी माझ्याकडं झाली.

हॉस्टेल सोडलं. बॅचमधल्या एका मैत्रिणीच्या काकांचं अर्धवट बांधलेलं घर होतं, तिथं एक खोली मिळाली. तिथले हाल काय सांगू. डिसेक्शन करून आले की हाताला फॉर्मॅलिनचा वास यायचा. थोरली शिंका देत कोपऱ्यात जाऊन बसायची आणि धाकटी तोच हात चाटायला झेप घ्यायची. पॅथॉलॉजीच्या जाडजूड पुस्तकातलं सुजेचं प्रकरण थोरलीनं खाल्लं, अगदी आकृत्यांसकट. मी पाठ करायला मोठ्यानं वाचलं की धाकटी सूर लावायची, आणि मी गप्प बसले की तीही गप्प. गल्लीत अशी समजूत की मी जनावरांचीच डॉक्टरीण होऊन राहिले. एक आजी तर शेळी घेऊनच दारात आल्या. शेळीचं मला कळत नाही म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग काय शिकतीस म्हणून विचारलं.

मग काकांना घर पुरं करायची उबळ आली. फरशीवाले आले, खोली रिकामी करा म्हणाले. परीक्षा तोंडावर होती. आणि मी दोन कुत्र्यांसह खोली शोधायला निघाले.

मैत्रीण म्हणाली, कुत्र्यांचं शेवटी सांग, आधी खोली पक्की होऊ दे. म्हणून पहिल्या घरी मी कुत्र्यांचं नावच काढलं नाही. घरमालकांनी खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, मेडिकलला आहेस म्हणून कौतुक केलं आणि मग आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर म्हणाले, म्हणजे तुम्ही? मी म्हटलं, बौद्ध. ते म्हणाले, वा, तुमची मुलं लई हुशार असतात. आणि खोली पुतण्याला द्यायची ठरलीय, हे त्यांना तेव्हाच आठवलं. दुसऱ्या घरी आडनाव सांगितल्यावर बाईंना फोन आला आणि तो काही संपेचना. मी फाटकापाशी थांबून थांबून परत आले.

त्यानंतर मी रीतच बदलली. फाटकातूनच सांगायचं की माझ्याकडं दोन कुत्री आहेत. कुत्री चालणार नाहीत, लोक लगेच म्हणायचे. मी लगेच मागं फिरायची. आडनावापर्यंत गोष्ट जायचीच नाही. कुत्र्यांमुळं नाही म्हटलेलं ऐकणं मला फार सोपं जात होतं, खरं सांगते. मैत्रीण मात्र भडकली. "तू खोली शोधून राहिलीस का कुत्र्यांची जाहिरात करून राहिलीस?" म्हणाली. तिला कारण सांगायचा मला कंटाळा आला होता. तिचं आडनाव ऐकून कोणाला फोन येत नसत.

आईलाही मी फोनवर तेच सांगायची, कुत्री आहेत म्हणून कोणी खोली देत नाही. त्यात कुत्र्यांचाच घात झाला. आई चार दिवस ऐकत राहिली आणि एक दिवस सरळ नांदेडला येऊन धडकली. कंधारजवळ मामाचं शेत आहे, तिथं दोघींना सोडू, तू अभ्यासाला लाग, म्हणाली. माझं लेकरू यांच्यापायी रस्त्यावर यायला लागलं म्हणून तिनं थोरलीला दोन शिव्याही हासडल्या. थोरली शेपूट हलवत होती. मी हातापाया पडून आणखी एक दिवस मागून घेतला, आणि आम्ही चौघी खोल्या बघायला निघालो.

पहिल्याच घरी बाईंचं स्वतःचं कुत्रं होतं, पांढरं, केसाळ. आमच्या दोघींना बघून त्यांना कोण आनंद! कुत्र्यांचं काही नाही हो, उलट आमच्याला सोबत होईल, म्हणाल्या. खाली बसून थोरलीचा कान खाजवत त्यांनी आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. कानामागचा हात थांबला. खोलीला अजून रंग द्यायचाय, बाई म्हणाल्या, रंग झाला की फोन करते. आमचा नंबर काही त्यांनी घेतला नाही.

रस्त्यावर आल्यावर आईनं एकदा मागं वळून त्या घराकडं बघितलं. मग म्हणाली, "तू फोनवर कुत्र्याचं सांगायचीस, ते हेच का?"

मी हो म्हटलं.

"लातूरला खोली शोधताना म्या बी तुला सांगायची, त्या खोलीत पाणी येत न्हाई म्हणून," ती म्हणाली. "पाणी यायचं."

मला एवढा राग आला की कोणावर काढावा ते कळेना. त्या बाईवर, आईवर, स्वतःवर. तेवढ्यात दोघींनी आपल्या साखळ्या विजेच्या खांबाला गुंडाळून घेतल्या. त्या सोडवता सोडवता मी रस्त्यातच रडले.

पुढच्या घरी आईनं मला बोलूच दिलं नाही. अंगणात एक म्हातारी बाई तूरडाळ निवडत होत्या. आईनं फाटकातूनच आमचं आडनाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत म्हणून सांगितलं, आणि मग खोली हाय का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, हाय की, या ना, उन्हात का उभ्या? खोली दाखवली. खिडकी पूर्वेला, टेबल मांडायला जागा. पाणी कसं दिलं तर स्वतःच्याच तांब्यातून. मग त्यांचं लक्ष फाटकाला बांधलेल्या दोघींकडं गेलं.

"कुत्री मात्र चालणार न्हाईत, बाई. सुनेला ल्हानपणी चावलंय."

सून दारात आली होती. धाकटी नुसती उठून उभी राहिली तर तिनं दार ओढून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मी आईकडं बघितलं. तिचा चेहरा फुलला होता. इतक्या दिवसांत आडनाव कळूनही पहिल्यांदा कोणीतरी कुत्र्यांवरून, खरोखर कुत्र्यांवरूनच नाही म्हणालं होतं. "कुत्री म्या नेते," आई म्हणाली. "पोरीला खोली द्या."

माझ्या तोंडापर्यंत नकार आला होता. पण परीक्षा होती, काकांच्या घरात फरशी कापायचं मशीन फिरत होतं, आणि असं घर मला या गावात पुन्हा सापडेल यावर माझा विश्वास राहिला नव्हता. मी हो म्हटलं.

मामा पिकअप घेऊन आला. गाडीत बसायला मिळणार म्हणून दोघी इतक्या हरखल्या की मी हाक मारायच्या आधीच उड्या मारून वर चढल्या. धाकटी तर पुढच्या काचेतून रस्ताच बघत होती. बिनडोक कुठल्या.

त्या संध्याकाळी सून माझ्यासाठी ताटात गरम भाकरी आणि वरण घेऊन आली. माझ्या पलंगावर बसली आणि घर आवडलं का, म्हणाली. मी आवडलं म्हटलं, कारण घर खरंच चांगलं होतं. सगळ्या नांदेडवर चिडून झालं होतं माझं, पण जिच्यापायी माझी कुत्री गेली तिच्यावर मात्र मला चिडता येईना.