मशीनशेजारची चप्पल

चार्जरवर लाल दिवा लागला आणि सावंत साहेबांचा चेहरा खुलला.

"मी आधीपासून सांगत होतो, हे आपल्या बिल्डिंगला झेपणारं नाही," ते पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींना म्हणाले. सावंत साहेब सोसायटीचे चेअरमन. एखाद्याच्या घरी मुलगा झाल्यावर दिसतो तसा आनंद मला त्यांच्या तोंडावर दिसला.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. राहतो वर्तकनगरला, कामं घेतो डोंबिवली-कल्याणपर्यंत, आणि हल्ली निम्मी कामं घरी गाडीचा चार्जर बसवायचीच असतात. लोकांना वाटतं, मोबाइलसारखं प्लगमध्ये घातलं की झालं. तसं नसतं. तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी जाड केबल ओढावी लागते, मध्ये एमसीबी लागतो, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटण, आणि शेवटी लागतं अर्थिंग. हे सगळं सोपं असतं. अवघड असते ती सोसायटीची एनओसी.

ही सोसायटी ठाकुर्लीतली. गाडी सुजाता गायकवाड मॅडमची. त्या मुरबाडच्या पुढे एका गावात शाळेत शिकवतात. बदली झाली, एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून त्यांनी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. शाळेतून परत येताना कल्याणला एका मॉलमध्ये गाडी चार्जिंगला लावायच्या आणि आत बसून वह्या तपासायच्या. घरी पोचेपर्यंत लेक आजीजवळ झोपलेली असायची. घरी चार्जर लागला नाही तर गाडी विकायची आणि नोकरी सोडायची, हे त्यांचं ठरलेलं.

सावंत साहेबांनी एनओसी दिलेली, पण मोठ्या मनाने. आधी म्हणाले, आग लागेल. मग म्हणाले, लिफ्ट हळू चालेल. मग रेडिएशन निघालं. रेडिएशनवर मी काही बोललो नाही, तिथे माझं लायसन चालत नाही. शेवटी अट पडली की रविवारी सगळ्यांसमोर चार्जर चालवून दाखवायचा, नाहीतर त्याच दिवशी काढून न्यायचा. म्हणून तर रविवारी सकाळी एवढी गर्दी होती.

मी मीटर लावून बघितलं. केबल ठीक, लोड ठीक, अर्थिंग मेलेलं. अर्थिंग म्हणजे काही बिघडलं तर करंटने जमिनीत उतरावं म्हणून करून दिलेली वाट. ती वाट नसली की करंट तुमच्या अंगातून उतरतो. फ्रिज, गीझर, मशीन या बाबतीत काही विचारत नाहीत, बिचारे चालत राहतात. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर कामाला नकार देतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये खरं बोलणारं तेवढं एकच यंत्र होतं आणि त्यालाच हाकलायची तयारी चाललेली.

"त्यात काय एवढं?" सोसायटीचा नेहमीचा वायरमन शिर्के पुढे आला. "न्यूट्रलवरून अर्थिंगला लूप मारा. चार्जर गंडतो, हिरवा दिवा देतो."

गंडतो हे खरं आहे. न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर; तिचाच तुकडा अर्थिंगला जोडला की चार्जरला वाटतं अर्थिंग आहे. अशी कामं सर्रास होतात. मी नाही म्हटलं.

"काका, आजच्यापुरतं करा ना," मॅडम हळूच म्हणाल्या. "हिरवा दिवा दिसला नाही तर चार्जर आजच काढायला लावतील."

"मॅडम, उद्या कुठे न्यूट्रल सुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल. मग दाराला पहिला हात कोण लावणार, तुमची लेक की सावंत साहेब?"

त्या चिडल्या. "मग नोकरी कशी टिकवू तेही तुम्हीच सांगा." मला वाईट वाटलं, पण लूप मी मारली नसती.

बिघाड फक्त त्यांच्या लाइनला आहे की सगळीकडे, हे बघायला मी वर त्यांच्या घरी गेलो. वॉशिंग मशीनकडे वळलो तशा त्यांच्या सासूबाई आडव्या आल्या.

"थांबा, थांबा. आधी चप्पल घाला."

मशीनशेजारी रबरी स्लिपरचा जोड मांडून ठेवलेला. मी विचारलं, हे कशाला?

"अहो, मुंग्या येतात हाताला. सगळ्यांकडेच येतात. आपल्या बिल्डिंगला करंट जरा जास्त आहे." नळाला पाणी जोरात येतं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी समोरच्या घरात डोकावलो. मशीनशेजारी चप्पल. खालच्या मजल्यावर गेलो. तिथेही चप्पल, आणि लहान मुलांसाठी छोटा जोड वेगळा. शिकलीसवरलेली माणसं, बँकेत आणि कंपन्यांत नोकऱ्या करणारी. शॉक बसतो म्हणून इलेक्ट्रिशियन बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, सगळ्यांनी चपला आणल्या.

खाली येऊन मी अर्थिंगचा खड्डा, म्हणजे ती वाट जमिनीत उतरते ती जागा, कुठे आहे विचारलं. कमिटीने एकमेकांकडे बघितलं. माझ्या मागोमाग उतरलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तो लोखंडी झाकणाचा? वॉचमन त्यात पाणी ओतायचा तो? तो गेला की तुळशीखाली."

कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा सावंत साहेबांनी आईच्या नावाने तुळशी वृंदावन बांधलेलं. मी मागे वाकून बघितलं. भिंतीवरून उतरणारी अर्थिंगची पट्टी तळाशी कापलेली होती. टोक वर वाकवून त्याचा छान हूक केलेला आणि त्याला तुळशीला पाणी घालायचा प्लास्टिकचा मग अडकवलेला.

"वृंदावनाला हात लावायचा नाही," सावंत साहेब म्हणाले. बोलता बोलता त्यांनी तुळशीपुढे चपला काढल्या.

"नाही लावत. बाजूला नवीन खड्डा घेतो."

"म्हणजे पेव्हर ब्लॉक उखडणार? त्याला जनरल बॉडी लागेल. दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत चार्जर काढा."

मॅडम जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. माझं डोकं फिरलं.

"ठीक आहे साहेब, काढतो. फक्त तुम्ही आत्ता अनवाणी आहात, तसेच पाण्याच्या पंपाच्या पेटीला एकदा हात लावून दाखवा."

त्यांनी खरंच हात पुढे केला असता तर मीच धरला असता. पण तशी वेळ येणार नव्हती. सावंत साहेबांनी पंपाकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि सावकाश पाय चपलांत सरकवले. ते सगळ्यांनी बघितलं.

पहिल्या बोलल्या त्यांच्याच घरच्या, सावंतकाकू. "सुट्टीत नातू येतो तेव्हा मी त्याला बाथरूमच्या दारात अडवून चप्पल घालते. मला वाटायचं, घरोघरी असंच असतं." मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमची जनरल बॉडी नंतर घ्या. आधी खड्डा खणा. माझ्या सासूबाई आज असत्या तर त्यांनी स्वतः फावडं आणून दिलं असतं."

सोमवारी मॅडमनी रजा टाकली. आम्ही खड्डा घेतला, नवी पट्टी टाकली, संध्याकाळी हिरवा दिवा लागला. मंगळवारी त्या शाळेत गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला की चेअरमन साहेबांच्या दूरदृष्टीमुळे संपूर्ण इमारतीचे अर्थिंग अद्ययावत झाले. पुढच्या आठवड्यात सावंत साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मुलगा इलेक्ट्रिक गाडी बघतोय, त्याचा चार्जर कधी बसेल? मी म्हटलं, रेडिएशनचं बघून कळवतो.

त्याच दिवशी अर्थिंगचं रीडिंग घ्यायला मी मॅडमच्या घरी गेलेलो. सासूबाई चप्पल घालूनच मशीनसमोर उभ्या होत्या. म्हटलं, आई, आता नाही लागत. तर म्हणाल्या, माहितीये, पण धीर होत नाही. तेवढ्यात नात अनवाणी आत आली, मशीनचं झाकण उघडून आपला युनिफॉर्म काढला आणि निघून गेली. आजींचा हात तोंडावर गेला. मग त्यांनी चप्पल काढली, पाऊल लादीवर ठेवलं आणि एक बोट मशीनला लावलं.

चार्जर बसवायच्या आधी काय तपासायचं, असं लोक मला फोनवर विचारतात. मी सांगतो, वायर मी बघेन, मीटर मी बघेन. तुम्ही फक्त मशीनशेजारी चप्पल आहे का ते सांगा.