अपुरा नमुना

हॉस्पिटलच्या तळघरातल्या पॅथॉलॉजी विभागात त्यांना सगळे पातळकाका म्हणत. माणूस चांगला नव्वद किलोचा, बसला की खुर्ची कुरकुरायची. पण रुग्णाच्या शरीरातला तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून काप काढावा तर त्यांनीच. केसाच्या पंधराव्या हिश्शाइतका पातळ. काप पात्यावरून फितीसारखे सुटत आले की काका ते कोमट पाण्यावर अलगद सोडत आणि काचपट्टीवर उचलून घेत. मग त्याला रंग चढे, आणि विभागाच्या प्रमुख मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगत, कॅन्सर आहे की नाही. ऑपरेशन करायचं का, किती मोठं करायचं, हे वरचे सर्जन त्या काचपट्टीवरून ठरवत. तीस वर्षं काकांनी हेच काम केलं आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

एका दुपारी गर्भपिशवीच्या अस्तराचा खरवडा आला. बाई अठ्ठावन्न वर्षांची, शिवणकाम करणारी. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि आता अधूनमधून डाग पडायला लागलेले. काकांनी नोंदवहीत लिहिलं, ‘तुकडे पुष्कळ, मिळून चमचाभर.’ असे बारीक तुकडे फिल्टर पेपरच्या पुडीत बांधूनच जाळीच्या प्लास्टिकच्या डबीत घालायचे असतात, नाहीतर जाळीतून निसटतात. ही गोष्ट काकांनी निदान पन्नास शिकाऊ मुलामुलींना शिकवली होती.

पेपर संपला होता. भांडारखोली दोन जिने वर, काकांचे गुडघे दुखत होते, आणि डब्या रसायनांत घोळवणारं मशीन एक वाजता सुरू करायचं होतं. काकांनी तुकडे तसेच डबीत घातले.

दुसऱ्या दिवशी डबी उघडली तर आत दोन-तीन कण. मशीनच्या भांड्याच्या तळाशी राखाडी गाळ बसला होता. काकांनी क्षणभर तो पाहिला. त्यात आता कुठल्या बाईचं काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यांनी भांडं ओतून टाकलं.

मॅडमनी काचपट्टी पाहिली आणि विचारलं, “काका, एवढाच नमुना?”

“एवढाच आला होता, मॅडम.”

तीस वर्षांत काका खोटं बोलले नव्हते, म्हणून मॅडमनी वही पाहिली नाही. रिपोर्ट गेला, ‘नमुना अपुरा. पुन्हा तपासावे.’ काकांनी मनाची समजूत घातली, पुन्हा घेतील खरवडून, बिघडलं कुठे?

आठ महिन्यांनी ऑपरेशन थिएटरमधून मोठी बरणी आली. गर्भपिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं, आणि वेगळ्या डब्यांत, कॅन्सर पसरलाय का ते बघायला काढलेल्या लसीकाग्रंथी. सोबतच्या फॉर्मवर जुन्या तपासणीचा क्रमांक होता. काकांनी कपाटातून जुनी वही काढली. त्यांचंच अक्षर. ‘तुकडे पुष्कळ, मिळून चमचाभर.’

मॅडमनी पिशवी उभी चिरली. आतलं अस्तर राहिलंच नव्हतं. तिथे पांढरट, ठिसूळ गाठ भरली होती आणि ती स्नायूच्या भिंतीत घुसली होती. मॅडमनी मोजपट्टी लावली.

“अर्ध्याहून खोल,” त्या म्हणाल्या. “बाई आठ महिने फिरकल्याच नाहीत. पहिला रिपोर्ट अपुरा आला, तो बाईंनी ‘काही सापडलं नाही’ असा घेतला म्हणे. डागही मध्ये थांबले होते. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, राहून गेलं.”

दुसऱ्या दिवशी दिवसभर काकांनी त्याच बाईचे काप काढले, आणि ते नेहमीसारखेच सुरेख आले. याचीच त्यांना किळस वाटली.

वही टेबलावरच होती. ‘पुष्कळ’च्या जागी ‘अल्प’ करायला कितीसा वेळ लागतो? काकांनी पेन हातात घेतलंही. पेन त्यांनी खाली ठेवलं ते सचोटीने नव्हे. खाडाखोड दिसली असती, असं पुढे त्यांनीच काकूंना सांगितलं.

घरी काकूंनी दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, “ताटात जेवण तसंच राहतंय. झालंय काय?”

काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “पेपर संपला ही चूक झाली. ‘एवढाच आला होता’ ही चूक नाही.”

“म्हणजे?”

“ते पाप आहे. जा आणि सांगून टाका.”

मॅडमनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच काकांना जास्त लागलं. त्यांनी सर्जनना फोन केला, लेखी नोंद केली. आणि म्हणाल्या, “बाईंना कळायला हवं. मी सांगेन. तुम्हाला यायचं तर या.”

“मॅडम, आठ महिन्यांनी फरक पडला असेल?”

“सांगता येत नाही. एका ग्रंथीतही कॅन्सरच्या पेशी सापडल्यात. तेव्हा नसत्याच, असं मी म्हणणार नाही. असत्याच, असंही नाही.”

काकांना वाटलं होतं, ‘नाही’ म्हणाल्या तर सुटलो, ‘हो’ म्हणाल्या तर निदान शिक्षा तरी नक्की झाली. तेही मिळालं नाही.

टेलरबाई वॉर्डात खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी. मॅडमनी समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. नमुना भरपूर आला होता, तो बांधायचा राहिल्यामुळे आमच्याकडे हरवला, आणि आम्ही ते लपवलं.

“आम्ही नाही,” काका म्हणाले. “मी.”

बाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “कशात बांधायचा राहिला म्हणालात?”

“फिल्टर पेपरमध्ये. संपला होता.”

“मग आणायचा होता.”

“भांडारखोली वर होती. गुडघे दुखत होते.”

मुलगी उठून उभी राहिली. बाईंनी तिला हाताने बसवलं. “माझ्याकडून कापड चुकीचं कापलं गेलं तर मी गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगते,” त्या म्हणाल्या. “शिव्या खाते, पण सांगते. नाहीतर तो भरवशावर बसून राहतो ना, लग्नाच्या दिवसापर्यंत. मी तशी बसले.”

“चुकलं माझं,” काका म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

चौकशी झाली. काकांची पगारवाढ थांबली, लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली. सहकारी म्हणत, “होतं काका, माणूस आहे.” काकांना ते ऐकवत नसे. नव्या मुलांना ते आता स्वतःची गोष्ट सांगत, नाव न बदलता, गुडघ्यांसकट. मुलं खाली मान घालून ऐकत.

बाईंना रेडिएशन दिलं, केमो दिली. केस गेले, परत आले. तीन वर्षं त्या तपासणीला येत राहिल्या. तळघराच्या जिन्याजवळ काका दोनदा समोर आले. दोन्ही वेळा त्या न बोलता पुढे गेल्या.

तिसऱ्या वर्षी तपासणीत योनीमार्गात एक लाल चट्टा दिसला, त्याचा तुकडा घेतला. बाईंनी सर्जनना सांगितलं, “इथे तपासायचा नाही. दुसरीकडे पाठवा.” त्यांचा हक्क होता. नमुना बाहेर पाठवायचं काम मात्र काकांच्याच टेबलावर आलं. त्यांनी झाकण तीनदा तपासलं, फॉर्म भरला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी पूर्ण सही केली.

आठवड्याने मॅडमनी खाली येऊन सांगितलं, “काका, बाहेरचा रिपोर्ट आला. साधी सूज आहे. कॅन्सर नाही.”

काकांनी मान डोलावली. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं.

“आता तरी बोलतील का हो त्या तुमच्याशी?” काकूंनी विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “आणि त्यांनी का बोलावं?”