मुराळी वर्कशॉपात होता तेव्हा

आईला गाडी लागायची. लग्नाची पत्रिका घेऊन येणाऱ्यांना, बारशाला बोलावणाऱ्यांना मी हे इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी लोक तिला येणाऱ्यांत धरेनासेच झाले. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली जन्मलेली ही बाई अख्ख्या संसाराच्या ओढाताणीला पुरून उरली, पण डिझेलच्या वासापुढे हरायची. एसटी स्टँडातून बाहेर पडायच्या आत तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा. लिंबू, ओवा, आवळासुपारी, नाकाला ओला रुमाल, सगळं करून झालं होतं.

तिचं माहेर वैजापूरच्या पुढे, सासर दौलताबादला. आमच्याकडे लेक आपण होऊन माहेरी जात नाही, तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. आईचा मुराळी कायम माझा मामा, तिचा थोरला भाऊ. तो रेल्वेनं यायचा आणि रेल्वेनंच तिला न्यायचा, रोटेगावला उतरून पुढे बैलगाडी. रेल्वे तिला लागत नसे. पुढे वडील गेले, आई शहरात माझ्याकडे राहायला आली, गुडघे गेले आणि डब्याची पायरी चढणं संपलं. मामाही काठीवर आला. एकदा मामेबहिणीच्या लग्नाला मी भाड्याची गाडी करून आईला नेलं, तर वाटेतच तिची अशी अवस्था झाली की वैजापुरात सलाइन लावावं लागलं. मांडवात अक्षता पडत होत्या आणि मामा, नवरीचा बाप, दवाखान्यात बहिणीच्या उशाशी बसला होता. तेव्हापासून आईनं माहेरचं नाव टाकलं. नंतर काय ते फोनवर.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. विजेची गाडी घेतली ती रोजच्या जाण्यायेण्यासाठी, त्यात काही उदात्त हेतू नव्हता. एका रविवारी आईला सहज छावणीपर्यंत फिरवून आणलं. ती लिंबू नाकाशी धरून, मांडीवर उलटीसाठी घडीची पिशवी घेऊन बसली होती. परत आल्यावर म्हणाली, "गाडी चालू होती व्हय?" त्यानंतरच्या सुट्टीत आम्ही थेट वैजापूरचा रस्ता धरला. लासूर गेलं, तरी पिशवीची घडी मोडली नाही. मामाच्या अंगणात उतरली ती हसतच. मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आधी आईवरून आणि मग गाडीवरूनही. मामा गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आता माझं काम नाय राह्यलं. हाच तुझा मुराळी."

तेच नाव पडलं. पुढची दोन वर्षं माझ्या आईच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची असावीत. मामा फोन करून म्हणायचा, "बाई, मुराळी पाठवलाय गं," आणि ही लगेच कपड्यांची पिशवी भरायला लागायची. गाडी माझी, चालवणार मी, हप्ते माझे, आणि माझ्याच गाडीतून जणू आईच मला नेणार. तिथं पोचलं की मामा विहिरीवरची मोटर बंद करायला लावायचा आणि तिथून वायर ओढून गाडी चार्जिंगला लावायचा. मामेभाऊ कुरकुरला की मामा म्हणे, कांदा उद्या पाणी पिईल, पाहुण्याला आधी वाढा. दोघं भावंडं ओट्यावर बसून दिवसभर काय बोलायची कोण जाणे. मी जवळ गेले की विषय बदलायची.

भाऊबीजेला निघालो तेव्हा दौलताबादच्या फाट्यापुढे गाडीच्या पडद्यावर कासवाचं चित्र आलं. म्हणजे गाडी आता कासवाच्या चालीनं चालणार. थोड्या वेळानं कासवही थांबलं. गाडी क्रेनवर चढली आणि आई ओवाळणीचं तबक मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आली. रिक्षातही तिला उलटी झालीच.

वर्कशॉप पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडे. तिथला मॅनेजर इतका गोड बोलायचा की भांडायची सोय नव्हती. बॅटरीचा एक भाग खराब झाला होता. बॅटरी सीलबंद, इथं उघडायची परवानगी नाही, भाग बाहेरून येणार. "मॅडम, या आठवड्यात होऊन जाईल." भाग आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. परत गेला. पुन्हा आला, बसवला आणि पहिल्याच चाचणीत गाडीनं कासव दाखवलं. मग कंपनीची मंजुरी, मग मंजुरीची मंजुरी. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी तिथं आवाज चढवला, मेल लिहिले, शिकवल्यासारखं फळ्यावर त्यांना सर्किट काढून दाखवलं. मॅनेजर म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, पण पार्ट आल्याशिवाय काय करणार?" यावर फिजिक्सचा कुठलाच नियम लागू पडत नाही.

आमच्यासारखे बरेच जण होते. एक रिटायर्ड गृहस्थ तर सकाळी फिरायला आल्यासारखे यायचे, घरून आणलेल्या फडक्यानं आपली बंद गाडी पुसायचे आणि जायचे. मला त्यांचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

त्याच काळात मामा आजारी पडला. मामेभाऊ फोनवर एवढंच सांगे की दादांना जरा बरं नाही, अन्न जात नाही. बहिणीला जास्त सांगायचं नाही अशी मामाची सक्त ताकीद होती, हे मला नंतर कळलं. मी आईला म्हटलं, दुसरी गाडी करू. एकदा नाही, कितीदा तरी म्हटलं. ती म्हणे, "त्याच्या दारात जाऊन निपचित पडू व्हय? त्यो आजारी, अन् माझीच उस्तवार करत बसल." तिच्या डोळ्यांसमोर ते लग्न असायचं. मामाला विचारलं तर तोही तेच म्हणायचा. "बाई, ओकत येऊ नको. गाडी होऊ दे. मी कुठं पळून चाल्लो?"

आणि गाडी दर वेळी होणारच असायची. वर्कशॉपवाले मला सांगत, या आठवड्यात. मी आईला सांगे. आई मामाला फोन करून सांगे की सोमवारपर्यंत मुराळी येतोय. मग तो सोमवार जायचा. आजही मला राग येतो तो बॅटरीचा नाही. यंत्र आहे, बिघडतं. राग येतो तो त्या गोड "या आठवड्यात"चा. गाडी कधीच होणार नाही असं कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर आम्ही रडून-भेकून दुसरी सोय केली असती. पण रोज उद्यावर टाकलेल्या माणसाला दुसरा रस्ताच दिसत नाही. आई तर पिशवी भरून दाराशी ठेवायची. त्यातल्या दशम्या शिळ्या झाल्या की आम्ही खायचो, आणि पुढच्या आठवड्यात ती नव्या करायची.

एके सकाळी मामेभावाचा फोन आला. "दादा लई सीरियस हायेत. आत्याला घेऊन निघा." आमच्याकडे सीरियस हा शब्द कशासाठी वापरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस गेलेला असतो, पण नातेवाइकांना धड वाट कापता यावी म्हणून तसं म्हणतात. मी आईला तोच शब्द सांगितला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, लुगडं बदललं आणि म्हणाली, जी मिळंल ती गाडी आण.

शेजाऱ्यांची जुनी डिझेलची जीप मिळाली. काचा बंद होत नव्हत्या, धूर आत येत होता. चालवायला मी, आई शेजारी पुढे बसली. मी लिंबू दिलं ते तिनं डॅशबोर्डवर ठेवून दिलं. उलटीची पिशवी घेतली नाही. पदर घट्ट धरून सरळ समोर बघत राहिली. दौलताबाद गेलं, लासूर गेलं. खड्ड्यांनी आणि वासानं गाडी मलाच लागली आणि वैजापूरच्या अलीकडे मला गाडी थांबवून उतरावं लागलं. आई आत तशीच बसलेली. चेहरा कोरडा होता, पांढरा नव्हता. परत बसताना तिनं मला तोंड पुसायला आपला पदर दिला.

अंगणात माणसं होती. मामाला ओसरीत ठेवलं होतं. बहिणीसाठी सगळे थांबले होते. बायकांनी आईला पाहून हंबरडा फोडला, मामी तिच्या गळ्यात पडली. आई रडली नाही. मामाच्या डोक्याशी बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि फोनवर खुशाली सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "भाऊ, डिझेलच्या गाडीनं आले. नाय लागली रे मला."

कुणाला काही कळलं नसावं, मला आणि मामीला सोडून. तो काहीतरी म्हणेल अशी वाट पाहिल्यासारखी आई त्याच्यावर वाकली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाई, मग मी कशापायी थांबले गं?"

मी तिच्याजवळ बसले.