आईचं गोंदण आणि गरम पाणी

शांत जागी मला करमत नाही. कोल्हापुरात आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याच्या किटल्या वाजतात, समोरच्यांचा टीव्ही आणि वरच्या मजल्यावरचं भांडण एकाच वेळी सुरू होतं, आणि त्या गलक्यात माझं डोकं जागेवर राहतं. त्यामुळं धाकट्या भावानं आम्हा दोघी मायलेकींना जपानात समुद्राकाठच्या त्या महागड्या हॉटेलात पाठवलं, तेव्हा दाराशी चपला काढल्यापासूनच माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. एवढं मोठं हॉटेल आणि आवाज म्हणून नाही. बायका पायमोज्यांवर चालत होत्या. दारं सरकायची होती, तीही कुरकुरत नव्हती. खिडकीबाहेर अख्खा समुद्र होता आणि जाड काचेमुळं त्याचंही तोंड बंद होतं.

भाऊ तिकडं यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तो बरोबर येणार होता, पण ऐनवेळी कामावरून बोलावणं आलं. आम्हाला आगगाडीत बसवून देताना म्हणाला, “अक्का, काय अडलं तर फोन कर. तिथली माणसं लई चांगली हायत.” चांगल्या माणसांचीच मला भीती वाटते. वाईटाशी निदान भांडता येतं.

आई आली होती ती फक्त पाण्यासाठी. तिचे गुडघे पार गेलेत. मुरगूडजवळच्या आमच्या गावी जन्मभर उसाच्या सरीत वाकली, आता गोठ्यापर्यंत जायचं तर भिंत धरून जाते. कोल्हापूरचे डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. त्यावर तिचं एकच, “कापून घ्यायला मी काय ऊस हाय व्हय?” मी शाळेत भूगोल शिकवते. जमिनीच्या पोटातून उकळतं पाणी येतं, त्यात नाना क्षार असतात, त्यानं सांधे मोकळे होतात, असं मीच तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं. शेवटी ती एका बोलीवर तयार झाली. आधी तिथलं पाणी. त्यानं उतार पडला नाही, तर खुशाल कापा. म्हणून आईनं त्या पाण्यात उतरणं मला हवंच होतं. पाण्यानं गुडघे बरे होतील असं मला स्वतःला फारसं वाटत नव्हतं, पण ती अंघोळ झाल्याशिवाय तिच्या तोंडून पुढचा होकार येणार नव्हता.

गावात बोभाटा झालाच होता. डेअरीत दूध घालायला गेली की म्हणायची, “पोरगं मला गुडघ्याच्या पाण्याला न्हेतंय.” जसं काही ते पाणी शेजारच्या बिद्री गावाच्या पलीकडंच आहे. एका शेजारणीनं तर येताना बाटलीभर आण म्हणून सांगितलं. विमानात चालत नाही असं सांगून मी तो विषय तिथंच मिटवला.

मला काळजी होती ती वेगळीच. तिथं बायकांच्या सामाईक गरम पाण्याच्या हौदात अंगावर सूतभरही न ठेवता उतरावं लागतं. आईनं आजवर माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही, तिला हे सांगायचं कसं? मी कोल्हापुरापासून वाक्यं जुळवत आले होते. आगगाडीत अखेर धीर करून सांगून टाकलं.

“समद्या बायकाच न्हवं?” तिनं विचारलं.

“हो, बायकाच.”

“मग काय झालं? न्हाताना काय इरकल नेसून बसायचं?”

आणि ती परत खिडकीबाहेर बघायला लागली. कुणाच्या तरी शेतात भात कापून झालं होतं, ते तिला बघायचं होतं. आता प्रश्न तिचा उरला नव्हता, माझा उरला होता. मी कॉलेजात शिकलेली, पँट घालून फिरणारी, आणि आईसमोर उघडं व्हायची लाज मलाच वाटायला लागली.

खोलीत गेल्यावर एक मुलगी चहा घेऊन आली. गुडघ्यांवर बसून तिनं जमिनीला कपाळ टेकेल इतकं वाकून नमस्कार केला. आईला खाली बसता येत नाही, तरी भिंतीला धरून तीही वाकली. ते बघून मुलगी पुन्हा वाकली. मग आई. मी मध्ये पडले नसते तर दोघी जेवणापर्यंत वाकत राहिल्या असत्या. मुलगी गेल्यावर आई म्हणाली, “बिचारी. किती वाकाय लावत्यात गं तिला.” आणि उठून कपबशा विसळायला लागली. कपबशा ठेव म्हटलं तर ऐकेना. दुसऱ्याच्या घरी बसून खायचं आणि उष्टं तसंच सोडायचं, हे तिच्या बुद्धीत बसत नव्हतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. चटईवर पायांचाही आवाज होत नव्हता, त्यानं मी आणखी वैतागले.

मग आम्ही तिथला सुती झगा घातला. लांब, मोठ्या बाह्यांचा, पुढं एकावर एक घेऊन पट्ट्यानं बांधायचा. आईनं आपल्या मनानं डावी बाजू आत आणि उजवी वर घेतली, म्हणजे उलटं. चहाची मुलगी भांडी न्यायला आली, तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवून धावतच पुढं आली. तिच्याजवळ भाषांतर करणारा फोन होता. ती बोलली की तो फोन पुस्तकी मराठीत बोलायचा. म्हणाला, “अशा प्रकारे मृत व्यक्तीस परिधान करतात.”

आई मोठ्यानं हसली. “मग काय चुकलं? जवळच आलंय की माझं.”

मुलीला ते कळलं नाही. ती हसत हसत पट्टा सोडून, झगा नीट करायला लागली. तेवढ्यात आईची बाही कोपरापर्यंत वर गेली आणि मुलीचं हसू थांबलं. तिनं आईच्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पट्टा बांधून पुन्हा खूप वाकून बाहेर गेली. थोड्या वेळानं परत आली ती एक तबक घेऊन. तबकात कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या होत्या. फोन बोलला, “मोठ्या स्नानगृहात शरीरावरील चित्रे झाकणे आवश्यक आहे. आम्ही अत्यंत दिलगीर आहोत.”

मी व्हरांड्यात जाऊन भावाला फोन लावला.

“अगं व्हय की,” तो म्हणाला, “माझ्या ध्यानातच न्हाई आलं. हितं गुंडांच्या टोळ्या अंगभर गोंदवून घेत्यात. म्हणून जुन्या ठिकाणी गोंदलेलं चालत न्हाई.”

“म्हणजे आईला आता गुंडांत काढलं व्हय रं?” चिडले की माझीही भाषा मुरगूडची होते.

“नियम हाय अक्का. सगळ्यास्नी सारखाच.”

घरच्यांपुरता वेगळा हौद मिळेल का, म्हणून मी मुलीला विचारलं. तो दुरुस्तीला काढला होता. तिनं त्याचीही माफी मागितली. मला भांडायचं होतं आणि समोर कुणी भांडायला तयार नव्हतं. माझी आई, जिनं उभ्या जन्मात भाजीवाल्याला कोथिंबीर फुकट मागितली नाही, तिला झाकून न्यायचं. पण अंघोळ व्हायलाच हवी होती. परवा आम्ही परत निघणार होतो, आणि ही अंघोळ झाल्याशिवाय ती ऑपरेशनला हो म्हणणार नव्हती.

खरं कारण आईला सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, “पाणी लई कडक असतं. गोंदलेल्या जागेचं कातडं सोलवटतं म्हणे. त्यावर ह्या पट्ट्या लावायच्या.”

आईनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग “बरं” म्हणून दोन्ही हात पुढं केले.

डाव्या हातावर तुळस आहे आणि तिच्याशेजारी विंचू. लहानपणी त्या विंचवाला बोट लावून मी किंचाळायची. आता सगळं निळसर हिरवं झालंय, कातडीला सुरकुत्या पडल्यामुळं तुळशीचं खोड वाकलंय. तुळस झाकली गेली, पण विंचवाची नांगी पट्टीबाहेर राहिली, म्हणून आणखी एक लावली. मग उजवा हात. त्यावर ठिपक्यांची ओळ, आणि तिच्याखाली माझ्या वडिलांचं नाव. लग्नानंतरच्या जोतिबाच्या यात्रेत दोघांनी जाऊन ते गोंदवून घेतलं होतं, असं आत्यानं मला सांगितलेलं. पट्टी नावाजवळ नेली तसा आईनं हात किंचित मागं घेतला.

“हलू नको,” मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. आणि पट्टी दाबून बसवली.

स्नानगृहाच्या अलीकडं कपडे बदलायची खोली होती. कपडे ठेवायला वेताच्या टोपल्या, एका भिंतीला लांबलचक आरसा. काचेच्या दारापलीकडं वाफ, दगडी हौद आणि त्याच्या कडेला थेट समुद्र. अलीकडं कोपऱ्यात दोन जपानी म्हाताऱ्या हातात छोटे पंचे घेऊन निवांत बसल्या होत्या. आईनं झगा काढला, घडी घातली, टोपलीत ठेवला. मी मात्र पट्ट्याच्या गाठीशी झटत होते. गाठ सुटेपर्यंत माझे कान तापले. मी कसाबसा पंचा पुढं धरला आणि म्हटलं, “चल आई.”

आई हलेना. ती आरशासमोर उभी होती. आरशात ती आपलं अंग बघत नव्हती, हात बघत होती. एकदा पालथे, एकदा उताणे. पट्ट्यांमुळं दोन्ही हात कसे नवे कोरे दिसत होते.

“आई, पाणी तापलेलंच असतं. चल की.”

“तुझा बा गेला तवा,” ती आरशाकडंच बघत म्हणाली, “बायकांनी माझं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. डोरलं तोडून घेतलं, जोडवी काढली. समदं न्हेलं. तुझी थोरली चुलती हात धरून उलटापालटा करून बघाय लागली. म्हणली, ह्येचं काय करायचं गं? मी म्हणलं, हात तोडून न्हे.”

वडील गेले तेव्हा मी बाहेर पुरुषमाणसांना चहा देत होते. आतल्या खोलीत काय चाललंय ते मला ठाऊक होतं, पण हे बोलणं मी आज पहिल्यांदा ऐकत होते.

“त्या बायकास्नी न्हाई निघालं,” आई म्हणाली. “आणि तू झाकलंस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. इतकी लाज मला अंगावरचे कपडे उतरवतानाही वाटली नव्हती.

“मी न्हाई उतरत,” ती म्हणाली. “काढ ह्ये.”

“आई, गुडघ्यांचं काय? एवढ्या लांब आलोय आपण. नुसती एक डुबकी मार, लगेच काढते.”

“कोल्हापूरला गेल्यावर डॉक्टरला सांग काप म्हणून. दोन्ही काप म्हणावं. मी न्हाई म्हणणार न्हाई. पर ह्ये झाकून मी न्हाणार न्हाई.”

ज्या होकारासाठी मी तिला इतक्या लांब आणलं होतं तो असा मिळाला, आणि मला तो घ्यावासा वाटेना. मी तिला बाकावर बसवलं आणि पट्ट्या काढायला लागले. डाव्या हाताच्या सहज निघाल्या. उजव्या हाताची मी फार दाबून बसवली होती. तिची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आहे, पट्टीबरोबर वर उचलली जात होती. मी पाण्याचं बोट लावून लावून कडेनं सोडवत होते. दुखत असणार, पण ती आवाज करत नव्हती. काचेपलीकडून वाफ आणि गंधकाचा वास येत होता. एवढं चांगलं पाणी नुसतं वाहून समुद्राला मिळत होतं.

पट्टी निघाली. खालची जागा लालभडक झाली होती.

आई घाबरली. हात डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “निघालं बिघालं न्हाई न्हवं त्यातलं? बघ नीट. मला कुठं वाचाय येतंय?”

“नाही गं, आहे सगळं.”

“वाच की मग.”

वडिलांना आम्ही भावंडं दादा म्हणायचो. त्यांचं नाव मी फॉर्मवर लिहिलं, शाळेच्या हजेरीत बापाचं नाव म्हणून सांगितलं, पण आईच्या समोर ते कधी उच्चारलं नव्हतं. आईनं तर ते जन्मात घेतलं नाही. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती ‘ह्यांनी’, ‘त्यास्नी’ म्हणायची, आणि गेल्यावर ‘तुझा बा’. मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत नाव वाचलं.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं. या खेपेला आवाज जरा मोठाच निघाला. त्या शांत खोलीत तो घुमला, आणि दोन्ही जपानी म्हाताऱ्यांनी वळून बघितलं.

“हळू गं,” आईनं मान खाली घातली, दुसऱ्या हातानं तोंड झाकलं. सगळे कपडे उतरवून परक्या बायकांत बसलेली माझी आई ते नाव ऐकून लाजली.