काचेवरची पट्टी

दुरुस्तीवाल्याने आपल्या थोरल्या भावाने ढोलकीवर मारलेला एक ठोका जुन्या ड्रम मशीनच्या, म्हणजे बटणांवर ताल वाजवणाऱ्या यंत्राच्या, चिपमध्ये भरून ठेवला होता. आत नुसते आकडे असतात. बटण दाबलं की त्यांचा पुन्हा आवाज होतो. भाऊ गेल्यावर वहिनी रोज ते बटण दाबायची. आज ती मशीनच घेऊन आली.

"भावजी, बाकीची बटणं वाजतात, यांचंच मुकं झालंय. जिवंतपणी एवढे गप्प कधी बसले नाहीत."

त्याने झाकण काढलं. त्या बटणाच्या चिपला वरून असलेल्या छोट्या काचेवर त्याने चिकटवलेली काळी पट्टी नव्हती.

"ती चिकट घाण होय? झाकण काढून धूळ पुसताना खरवडली. मग उन्हाळाभर उघडंच होतं खिडकीत."

त्या काचेतून ऊन गेलं की आकडे पुसले जातात, हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. ठोक्याची दुसरी प्रतही नव्हती.

"नवी चिप घाला की."

"चिपा ढीगभर आहेत, वहिनी," तो म्हणाला. "सगळ्या कोऱ्या."