कोठीचं पुढचं दार

आधीच सांगते — भूतखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सेलूच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते; पुरावा दाखवा, मग बोला, हे मुलांना रोज ऐकवते. तरी हे लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

वालूरच्या अलीकडे, शेतात, एका जहागीरदाराची दगडी कोठी आहे. निजामाच्या काळातली. घरचे लोक हैदराबादला गेले ते परतलेच नाहीत. छत बसलं, सागवानी दारं गेली, दगडी चौकटी तेवढ्या उभ्या आहेत. तिचा इतिहास मी लिहीत होते. मावशीला वाचून दाखवला, तर तिनं विचारलं, यात आमची माय कुठं हाय? तिची माय, म्हणजे माझी आजी गिरजा, जन्मभर त्या कोठीत दळण दळायची. जायची-यायची मागच्या दारानं. पुढून एकदाही आत गेली नाही.

"मला पुढून आत जायचंय," मावशी म्हणाली.

गेलो. फाल्गुनातली दुपार, दोनचा सुमार. करडई काढून झालेली, लांबवर माणूस नाही. आम्ही पुढच्या पायऱ्या चढलो आणि आतून आवाज आला… बाईचा, थकलेला, हुकूम सोडायची सवय असलेला.

"गिरजे, मागून ये."

दोघींनीही ऐकलं. मला भीती वाटली नाही, खरंच. पण मी वळले. एम.ए. झालेली, पगारदार बाई — निमूट पायऱ्या उतरून कोठीच्या मागं निघाले. मावशीनं माझं मनगट धरलं. उभा जन्म ऊस तोडलेला हात तो.

"गिरजा मेली," ती आत बघून म्हणाली. "मी तिची लेक हाय. न्हाई जायची मी मागं."

मावशी मला ओढतच उंबरा ओलांडून आत गेली. आत बाभळी, पडलेला चुना, वर उघडं आभाळ. एकूण एक खोली पाहिली. कुणी नव्हतं. मग मावशी दिवाणखान्याच्या मधोमध बसली, भाकरी सोडली आणि सावकाश जेवली.

लोक म्हणतात, ऊन लागलं असेल, एखाद्या गुराख्यानं चेष्टा केली असेल. त्याला आजीचं नाव कुणी सांगितलं? लेखातून हा भाग काढा, असाही सल्ला मिळाला. मी काढला नाही.

आवाज कुणाचा, ते आजही कळलेलं नाही. पण मला छळतं ते दुसरंच. आजीला मी पाहिलंसुद्धा नाही… मग तिच्या नावाची हाक ऐकून माझे पाय का वळले?